चाळीस वाव पाण्याखाली

उरण तालुक्यातल्या आमच्या करंज्यात समुद्राची खोली मीटरात कुणी सांगत नसे, वावात सांगत. दोन्ही हात पसरले की एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत जेवढी दोरी मावते तेवढा एक वाव. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा आणि गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असायची. गोळा तळाला टेकला की दोरी वर ओढताना वाव मोजायचे, आणि चरबीला काय चिकटून आलंय ते बोटांनी चाचपायचं. वाळू, गाळ की शिंपल्यांचा चुरा. माझ्या बापाला, आबाला, रात्री डोळे मिटून नुसत्या त्या चरबीवरून होडी कुठे आहे ते सांगता यायचं. त्याच्या पलीकडचं त्याने कधी विचारलं नाही. 'समिंदराच्या पोटान काय हाय, त्ये देवाला ठावं,' असं म्हणायचा.

फेब्रुवारी १९७४मध्ये मी अकरावीला होतो. घरात पेपर मीच वाचून दाखवायचो. त्या दिवशी बातमी होती, बॉम्बे हायला तेल लागलं. आबा ओट्यावर जाळं शिवत बसला होता.

'बॉम्बे हाय?' तो म्हणाला. 'बॉम्बे तं हायच. तेल कंच्या बाजूला गावलं, त्ये वाच.'

आमच्या बोलीत 'आहे'ला 'हाय' म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात त्या जागेचं नाव शेवटपर्यंत तसंच ऐकलं गेलं. मला वाटलं, 'हाय' म्हणजे दूरचा, खोल समुद्र. पुष्कळ लोकांना आजही तसंच वाटतं. खरा अर्थ मला सहा वर्षांनी कळला. मी तेल आणि नैसर्गिक वायू आयोगात कामाला लागलो होतो, आणि एका भूवैज्ञानिकाने चहा पिता पिता कागदावर उलटी वाटी काढून दाखवली. समुद्राच्या तळाखाली आणखी बरंच खोल खडकाचे थर वर उचलले गेलेले आहेत, घुमटासारखे. त्या उंचवट्याचं नाव 'हाय'. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते खडकाच्या बारीक छिद्रांतून वर वर सरकत जातं आणि घुमटाच्या माथ्यावर चिकणखडकाचं झाकण असलं तर तिथे अडकून राहतं. तेलाचं तळं वगैरे काही नसतं. स्पंजात पाणी असतं तसं चुनखडकात तेल असतं. मी घरी जाऊन आबाला सांगितलं, की तुझ्या गोळ्याला लागतो त्या गाळाच्या खाली आणखी सातशे वावांवर एक मोठी खडप आहे, पन्नास कोस पश्चिमेला, शेकडो चौरस किलोमीटरची. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'आनि वरून कसं समाजलं?'

वरून कसं समजलं, ही सगळी गोष्टच त्या प्रश्नाची आहे. ती मला आमच्याआधी आलेल्या लोकांकडून मिळाली. प्लॅटफॉर्मवर मला काम शिकवणारे बहुतेक सगळे अंकलेश्वर, खंबात, नाहीतर आसामातल्या शिवसागरहून आलेले होते. जमिनीवरच्या विहिरी खोदून हात तयार झालेली माणसं. रात्रपाळीला त्यांच्याकडून जे ऐकलं ते मी जन्मभर जपलं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात तेल म्हणजे आसामातलं दिग्बोई, एवढंच होतं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेल लागलं होतं आणि १९०१पासून रिफायनरी चालू होती. बाकी सगळं बाहेरून यायचं आणि विकणाऱ्या कंपन्याही बाहेरच्या. आमच्या समोर खाडीपलीकडे तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन मोठ्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, त्याही परदेशी कंपन्यांच्या, परदेशी कच्च्या तेलावर चालणाऱ्या. तेलाची किंमत त्याच ठरवायच्या. १९६० साली रशियाने स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेव्हा या कंपन्यांनी ते आपल्या रिफायनरीत घ्यायला नकार दिला. किमतींचा हिशेब तपासायला सरकारने के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती त्याच काळात. आणि या सगळ्या कंपन्यांचं एक म्हणणं ठाम होतं, की हिंदुस्थानात शोधण्यासारखं तेल फारसं नाही.

केंद्रातले मंत्री केशव देव मालवीय यांना ते पटलं नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्यांचं नाव यायचं तेव्हा आवाज बदलायचा. १९५५ साली तेलाच्या शोधासाठी संचालनालय स्थापन झालं आणि १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचा आयोग झाला. मुख्यालय डेहराडूनला. कालिनिन नावाच्या रशियन भूवैज्ञानिकाबरोबर तज्ज्ञांचं पथक आलं, देशभर फिरलं आणि त्याने सांगितलं, की गुजरातेत शोधा, पंजाबाच्या पायथ्याशी शोधा, आसामात आणखी शोधा. आयोगाची पहिली विहीर १९५७ साली आताच्या हिमाचलात, ज्वालामुखी गावी खोदली. तिथल्या देवळात खडकातून निघणारी ज्योत पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहे. तो जमिनीतून झिरपणारा वायूच. लोक जिथे शतकानुशतकं हात जोडत होते तिथूनच या कामाची सुरुवात झाली, याचं मला नेहमी बरं वाटत आलं आहे. तिथे व्यवहारात उपयोगी पडेल इतकं काही मिळालं नाही. पण १९५८ साली खंबातजवळ लुणेजला तेल लागलं आणि १९६० साली अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या विहिरीला पंडित नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिलं. आमच्या वांद्र्याच्या कार्यालयाला पुढे तेच नाव मिळालं. वसुधारा भवनाच्या पायऱ्या मी अनेकदा चढलो आहे, पण नाव कुठून आलं ते माहीत असलेली माणसं दर वर्षी कमी होत गेली.

आता समुद्र. गुजरातेतले तेल असलेले थर किनाऱ्यावर येऊन संपत नाहीत, पाण्याखाली पुढे जातात, एवढा तर्क झाला होता. १९६४ ते १९६७ या काळात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' हे रशियन जहाज खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोर फिरलं. जहाजावरून पाण्यात हादरा द्यायचा, तो लाट होऊन तळाखाली जातो, प्रत्येक थरावर आपटून थोडा परत येतो, आणि जहाजामागे ओढत नेलेल्या लांबलचक तारेवरची यंत्रं तो ऐकतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली. आबाच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. त्याच्या शिशाच्या गोळ्याचंच हे काम, फक्त दोरीऐवजी आवाज सोडायचा. मी त्याला तसंच सांगितलं आणि त्याला ते लगेच पटलं. 'मंग आयकलं त्येंनी,' म्हणाला. 'आमी चाचपत व्हतो.'

त्या नकाशात मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटरवर, तो मोठा घुमट दिसला. पण दिसलं म्हणून तिथे जाता येत नव्हतं. समुद्रात खोदायचं साधनच देशात नव्हतं. १९७० साली खंबातच्या आखातात अलिया बेटाजवळ उथळ पाण्यात पहिली विहीर खोदली गेली, ती हात बसावा म्हणून झाली असं जुने लोक म्हणायचे. मुंबईसमोर पाऊणशे मीटर पाणी. चाळीस वाव. त्यासाठी जपानात, हिरोशिमाला मित्सुबिशीच्या गोदीत एक रिग बांधून घेतली. १९७३ साली ती आली. नाव 'सागर सम्राट'.

ही जॅक-अप जातीची रिग. तिला खाली वर होणारे लांब पोलादी पाय असतात. जागेवर तरंगत न्यायची, पाय खाली सोडून तळाला टेकवायचे आणि मग त्या पायांवर सगळं जहाजच पाण्याच्या वर उचलायचं, म्हणजे लाट खालून निघून जाते. आबाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने विचारलं होतं, की तळ चिखलाचा असला तर पाय रुततील त्याचं काय. अगदी बरोबर प्रश्न. रिग उभी करण्याआधी तळ तपासतात तो याचसाठी.

वेळही कशी आली होती पाहा. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. आपण लागणाऱ्या तेलातलं दोन तृतीयांश बाहेरून आणत होतो. त्याच्या मागल्याच वर्षी दुष्काळ पडलेला. आमच्या होडीला नुकतंच डिझेल इंजिन बसलं होतं आणि आबा पुन्हा शीड काढून झटकायला लागला होता. आई रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या दुकानापुढे पहाटे रांगेत उभी राहायची, आणि मी दिव्याची वात खाली करून अभ्यास करायचो. म्हणून त्या फेब्रुवारीत ती बातमी वाचली तेव्हा माझा आवाज चढला होता. पेट्रोल काय आणि समुद्र काय, मला रांगेतली आई दिसत होती.

तेल सापडणं आणि हातात येणं यांत दोन वर्षं गेली. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं, दिवसाला साडेतीन हजार पिंप. मालवीय तेव्हा पुन्हा पेट्रोलियम खात्याचे मंत्री होते. वीस वर्षांपूर्वी ज्याने हट्ट धरला तो माणूस ते बघायला जागेवर होता, असं आयुष्यात थोड्यांच्याच वाट्याला येतं. सुरुवातीला तेल समुद्रातच बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरायचे. पावसाळ्यात त्या लाटांत टँकर बांधून ठेवणं म्हणजे काय, ते करंज्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. आखाड लागला की आम्ही होड्या ओढून किनाऱ्यावर घेतो. मग १९७८ साली समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरच्या नळवाहिन्या आल्या, एक तेलाची आणि एक वायूची. १९७९च्या जानेवारीपर्यंत उत्पादन दिवसाला ऐंशी हजार पिंपांवर गेलं होतं.

द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी नळवाहिन्या वर आल्या आणि आमच्या तालुक्याची रात्र बदलली. तोपर्यंत उरण म्हणजे भातशेती, मिठागरं आणि मासळी. भाऊच्या धक्क्याहून लाँच मोरा बंदराला लागली की जगाशी संबंध. चिरनेरला १९३०मध्ये झालेल्या जंगल सत्याग्रहाच्या गोष्टी सांगणारे म्हातारे तेव्हा गावोगाव होते. त्या उरणात टाक्या, नळ्या आणि एक उंच चिमणी उभी राहिली, तिच्या टोकाला अष्टौप्रहर जाळ. समुद्रातून परतताना आम्ही पूर्वी द्रोणागिरीचा डोंगर शोधायचो, आता तो जाळ शोधायला लागलो. अमावस्येलाही अंगणात सावली पडायची. जमिनी गेलेल्यांची दुःखं मी जवळून पाहिली आहेत, माझ्या मामाचं मीठ गेलं. तो वेगळा आणि मोठा इतिहास आहे, जासईला १९८४ साली पाच माणसांचे प्राण गेले तोवर पोचणारा, आणि तो एका परिच्छेदात उरकण्याची माझी इच्छा नाही.

आयटीआय करून मी १९८०मध्ये लागलो. जुहूच्या तळावरून हेलिकॉप्टर. आम्ही त्या फेरीला सॉर्टी म्हणायचो, आणि कोण कुठल्या सॉर्टीला आहे यावर सगळं आयुष्य बेतलेलं असायचं. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. पहिल्या खेपेला मी खिडकीतून खाली आमच्या होड्या शोधत होतो. कान बधिर, अंगावर लाइफ जॅकेट, आणि तासाभराने निळ्या पाण्यात ठिपक्यासारखी लोखंडी बेटं दिसायला लागली, प्रत्येकाच्या बाजूला जळता पलिता. मला एकदम बंदरातल्या नारळी पौर्णिमेची आठवण झाली.

उत्तरेकडच्या संकुलात मी काम शिकलो. १९७६चा लहान विहिरींचा प्लॅटफॉर्म, १९७८चा राहण्याचा, आणि १९८१ साली उभा राहिलेला सात मजली प्रक्रिया प्लॅटफॉर्म, त्याला आम्ही बीएचएन म्हणायचो. सगळे पुलांनी एकमेकांना जोडलेले. बीएचएनच्या पत्र्यांना नव्या रंगाचा वास होता तेव्हापासून मी तिथे आहे. विहिरीतून वर येतं ते निव्वळ तेल नसतं, तेल, वायू आणि पाणी एकत्र येतात. मोठ्या आडव्या टाक्यांत, म्हणजे सेपरेटरांत, त्यांना वेगळं करायचं. दाब पायरीपायरीने कमी करत गेलं की वायू वर निघतो, पाणी खाली बसतं, तेल मधून काढायचं. ऐकायला सोपं. पण प्रत्येक विहिरीचा स्वभाव वेगळा, आणि दाबाच्या काट्यावर रात्रभर डोळा. मला काम शिकवणारे आसामकडचे एक ऑपरेटर होते. ते नळीला हात लावून आतलं काय चाललंय ते सांगायचे. मला आबाची बोटं आठवायची.

नळवाहिनीत मेण साचतं. ते खरवडायला एक जाड गोळा आत सोडतात, त्याला जगभर 'पिग' म्हणतात. तो मागच्या तेलाच्या दाबाने ढकलला जात तळातळाने उरणला पोचायचा. आम्ही सोडायचो आणि सुट्टीवर आल्यावर उरणच्या मित्राला विचारायचो, पोचला का? आपल्या हातून निघालेली वस्तू समुद्राखालून आपल्याच गावाला जाते, यात एक आनंद होता. तो मी कुणाला नीट समजावू शकलेलो नाही.

मात्र एका गोष्टीचं मला तरुणपणी फार वाईट वाटायचं. त्या पलित्यांचं. तेलाबरोबर येणारा वायू घ्यायला पुरेसे कॉम्प्रेसर नव्हते, नळ्या नव्हत्या, किनाऱ्यावर तो वापरणारे कारखाने नव्हते. तेल हवं तर वायू येणारच, आणि आला तर जाळावाच लागतो, नाहीतर तो साचून घात करील. रोज लाखो घनमीटर वायू असा आकाशात जायचा. खाली माझी आई मात्र अजून स्टोव्हला पिन मारत होती. पुढची दहा वर्षं मी जाळ कमी होताना पाहिले, आणि माझ्या लेखी या कंपनीचा खरा इतिहास तोच. उरणला वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा करणं सुरू झालं. १९८२पासून उरणचं वीज केंद्र त्या वायूवर चालायला लागलं. अलिबागजवळ थळला १९८०च्या दशकाच्या मध्याला खताचा कारखाना उभा राहिला, म्हणजे आमच्या विहिरीतला वायू युरिया होऊन विदर्भातल्या कापसाला गेला. वसईसमोरच्या समुद्रात सापडलेला वायू हजिराला गेला, तिथून लांब नळवाहिनीने उत्तर हिंदुस्थानात. नागोठण्याला त्याचं प्लॅस्टिक व्हायला लागलं. १९९५मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि पुढे मुंबईच्या स्वयंपाकघरांत आणि टॅक्सीत तो पोचला. पलिता पूर्ण विझवत नाहीत, सुरक्षेसाठी एक लहान ज्योत ठेवावीच लागते. पण मी निवृत्त झालो तेव्हा अंगणात सावली पडत नव्हती. घरी पहिला सिलिंडर आला त्या दिवशी आईने शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि मला विचारलं, 'ह्यो तुजाच ना रं?' मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

त्याच सुमारास तिने एक रुपयाची नोट देव्हाऱ्यात ठेवली होती. १९८०च्या दशकातल्या त्या नोटेच्या मागच्या बाजूला 'सागर सम्राट'चं चित्र होतं. रिगचं चित्र असलेली नोट बाजारात खर्चायला ती तयार नसे. २०१५ साली एक रुपयाची नोट पुन्हा छापायला लागले, तिच्यावरही तीच रिग आहे. ती बघायला आई नव्हती. आता दोन्ही नोटा माझ्याकडे आहेत.

धोका आमच्यापासून कुणी लपवला नाही. खोदताना विहिरीतला दाब आवरायला जड चिखलाचं मिश्रण सोडतात. तो तोल गेला की खालचं सगळं वर उसळतं. जुलै १९८२मध्ये 'सागर विकास' या रिगवर तसा स्फोट झाला, आग लागली, आणि ती आवरायला अमेरिकेतून रेड अडेर यांची माणसं आली. त्यानंतर आमचं शिक्षण अधिक कडक झालं, आणि पुढच्या पिढीतले आपले लोक ते काम स्वतः करू लागले. रिगांची नावं 'सागर'वरून आणि मदतीच्या जहाजांची 'समुद्र'वरून ठेवायचा प्रघात होता. 'सागर प्रगती', 'सागर किरण', 'समुद्र सेवक', 'समुद्र सुरक्षा'.

१९८०चं दशक संपताना बॉम्बे हायचं उत्पादन वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात होतं. देशाच्या तेलातला मोठा वाटा एकट्या त्या घुमटाचा. मग ते घसरलं. खडकातला दाब ही साठवलेली ताकद असते, तेल काढताना ती खर्च होते, म्हणून समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून पुन्हा खडकात दाबावं लागतं. देशाला तेलाची घाई होती आणि घुमटाला आपला वेळ हवा होता. फार जोराने उपसलं गेलं का, यावर त्या काळी खूप वाद झाले. मी ऑपरेटर होतो, मला सगळं दिसत नव्हतं. पण विहिरीतून पाणी वाढत चाललेलं काट्यावर दिसत होतं, आणि ते दिसलं की पोटात कालवायचं, घरचा म्हातारा थकल्यासारखं. १९९४मध्ये आयोगाची कंपनी झाली, नोकरीच्या कागदांवरचं नाव बदललं. बॉम्बे हायचं मुंबई हाय झालं. २०००च्या पुढे जुन्या क्षेत्राला नवी उभारी द्यायची मोठी योजना हाती घेतली गेली. नवे आडवे फाटे काढलेल्या विहिरी, नवे प्लॅटफॉर्म. घसरण थांबली. पन्नास वर्षांनीही तिथून तेल निघतंय.

२६ जुलै २००५ सगळ्या महाराष्ट्राला आठवतो. त्या रात्रीच्या पावसाबद्दल लिहायला नको. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला दुपारी, 'समुद्र सुरक्षा' जहाजावर बोटांना जखम झालेल्या एका कर्मचाऱ्याला उपचारासाठी वर घ्यायचं होतं. जहाज बीएचएनच्या जवळ आणलं. लाटा मोठ्या होत्या. जहाज प्लॅटफॉर्मच्या वायूच्या नळीला धडकलं आणि आग लागली. दोन तासांच्या आसपास सात मजली बीएचएन कोसळून पाण्याखाली गेला. मुंबई पाण्यात, हवा वाईट, हेलिकॉप्टरांना वेळेवर उडता येईना. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी ३६२ माणसं वाचवली. बावीस गेली, त्यांतली अकरा सापडलीच नाहीत. 'समुद्र सुरक्षा'ही काही दिवसांनी बुडालं.

मी तेव्हा चौदा दिवसांच्या सुट्टीत करंज्याला होतो. फोन बंद, रस्ते बंद. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे. बातमी आली तेव्हा तो उठून द्रोणागिरी देवीच्या देवळापर्यंत पावसात चालत गेला. कोळ्याला समुद्रात राहिलेली माणसं म्हणजे काय ते माहीत असतं, अंग न मिळालेल्याचं सुतक कसं धरायचं तेही माहीत असतं. परत येऊन त्याने एवढंच विचारलं, 'कित्ती वाव?' मी म्हणालो, चाळीस. ज्या जिन्यावरून मी चोवीस वर्षं चढलो उतरलो तो जिना, तो सेपरेटर, ज्याच्या काट्यावर माझे डोळे गेले ते सगळं चाळीस वावांखाली होतं. पुढे तिथे नवा प्लॅटफॉर्म उभा राहिला, आधीपेक्षा मोठा. त्यावर मी निवृत्त होईपर्यंत काम केलं.

'सागर सम्राट'चं काय झालं ते सांगायला हवं. तिने सव्वाशेच्या आसपास विहिरी खोदल्या. इतक्या वर्षांनी कुठलीही रिग भंगारात जाते. तिला मात्र नव्याने बांधून फिरतं उत्पादन केंद्र बनवलं, दिवसाला वीस हजार पिंप तेल हाताळू शकेल असं, आणि २०२२ साली ती मुंबईच्या पश्चिमेला पुन्हा कामाला लागली. बातमी मी मोठ्याने वाचली. ओट्यावर आता कुणी नसतं, पण वाचायची सवय तशीच आहे.

माझा पुतण्या ट्रॉलर घेऊन दूर जातो. प्लॅटफॉर्मच्या पाचशे मीटरच्या आत मासेमारीच्या बोटींना जायला मनाई आहे, आणि नेमकी त्या लोखंडी पायांभोवतीच मासळी गोळा होते. पायांवर शिंपले आणि शेवाळ धरतं, ते खायला लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. मनाई पाळणं कोळ्याच्या जिवावर येतं, पण मी त्याला दोन हजार पाच सालाची गोष्ट सांगितली आहे, आणि तो पाळतो. मागल्या हंगामात त्याने रात्री बोटीवरून मोबाइलवर चित्रण करून आणलं. काळोखात ओळीने दिवे, दोन लहान ज्योती, आणि इंजिनाचा आवाज. त्याच्या यंत्रावर खोली मीटरात येते, मी मनातल्या मनात वाव केले.

'काका,' तो म्हणाला, 'यातला तुजा कंचा?'

मी मोबाइल जवळ धरला. नवा प्लॅटफॉर्म दिसत होता, राहण्याचा दिसत होता. मी बोट ठेवलं ते त्या दोघांच्या मधल्या काळोखावर.